ऑप-अॅम्प बफरचं व्होल्टेज चुकतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बफर, म्हणजेच व्होल्टेज फॉलोअर (आत जेवढं व्होल्टेज तेवढंच बाहेर देणारं), हे ऑप-अॅम्पचं, म्हणजे ऑपरेशनल अॅम्प्लिफायर चिपचं, सगळ्यात साधं सर्किट. आउटपुट मायनस इनपुटला जोडायचं (हाच फीडबॅक), सिग्नल प्लस इनपुटला द्यायचा, झालं. एकही रेझिस्टर लागत नाही. त्यामुळे आत २.५ व्होल्ट देऊन बाहेर ३.१ आले की शंका कशावर घ्यायची तेच कळत नाही आणि बहुतेक जण आधी चिप बदलतात. चिप क्वचितच दोषी असते. चूक कुठे आहे हे दोन मिनिटांत ठरवता येतं, आणि तेवढं जमलं की बाकी उत्तरं आपोआप जागेवर बसतात. म्हणून प्रश्न २ सगळ्यांनी वाचावा, मग आपापल्या लक्षणाकडे जावं.

पिनचे आकडे आठ पिनांच्या ड्युअल चिपचे आहेत (एलएम३५८, टीएल०७२, एनई५५३२, एमसीपी६००२ यांचे सारखेच): १ आउटपुट, २ मायनस, ३ प्लस, ४ खालचा सप्लाय किंवा ग्राउंड, ८ वरचा सप्लाय. दुसरा अर्धा भाग (म्हणजे चिपमधला दुसरा ऑप-अॅम्प) ५, ६, ७ वर असतो.

१. आउटपुट इनपुटइतकंच येतं म्हणतात. म्हणजे नेमकं किती जवळ?

चिपच्या इनपुट ऑफसेटइतकं (दोन इनपुट पिनांमध्ये चिपच्या घडणीमुळे उरणाऱ्या छोट्या फरकाइतकं) जवळ. एलएम३५८ मध्ये हा ऑफसेट साधारण २-३ मिलिव्होल्ट असतो आणि ७ पर्यंत जाऊ शकतो. टीएल०७२ च्या साध्या ग्रेडमध्ये १० मिलिव्होल्टपर्यंत चालवून घेतात. ओपी०७ च्या चांगल्या ग्रेडमध्ये तो ७५ मायक्रोव्होल्टच्या आत असतो. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) अपुरा असल्यामुळे होणारी चूक याच्यापुढे किरकोळ: ओपन-लूप गेन, म्हणजे फीडबॅक नसतानाचा गेन, १ लाख धरला तर दर व्होल्टमागे फक्त १० मायक्रोव्होल्ट.

मोजमापाचा अंदाज असा ठेवा. काही मिलिव्होल्टचा फरक असेल तर सर्किट ठीक आहे. दहा-वीस ते शंभर मिलिव्होल्टचा फरक असेल तर बायस करंट (इनपुट पिनमधून वाहणारा छोटा करंट), ग्राउंड किंवा ऑसिलेशन (आउटपुटचं आपोआप थरथरणं) पाहा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर चिपला तिच्या मर्यादेबाहेर चालवलं जातंय किंवा जोडणी चुकली आहे.

२. आउटपुट चुकतंय हे नक्की. सुरुवात कुठून करू?

मीटर मिलिव्होल्ट रेंजवर ठेवा. एक प्रोब पिन ३ वर, दुसरा पिन २ वर. ग्राउंडला काहीच लावू नका. प्रोब ब्रेडबोर्डच्या भोकात नको, चिपच्या पायालाच टेकवा, कारण ढिली भोकं हाही संशयितच आहे.

ऑप-अॅम्पचं काम एकच: या दोन पिनांमधला फरक शून्याजवळ ठेवणं. म्हणून इथला आकडा सगळ्या दोषांची दोन गटांत विभागणी करतो.

आकडा काही मिलिव्होल्ट आला तर ऑप-अॅम्प आपलं काम चोख करतोय. त्याच्या प्लस पिनवर जे आहे तेच तो बाहेर देतोय. चूक त्याच्या आधी आहे (सोर्स म्हणजे सिग्नल देणारा भाग, बायस करंट, तरंगणारं इनपुट), त्याच्या नंतर आहे (आउटपुटपुढचा रेझिस्टर, वायर, ग्राउंड), किंवा मोजण्यात आहे. प्रश्न ७, ८, ११, १३, १४ आणि १५ याच गटातले.

आकडा मोठा आला, म्हणजे पन्नास मिलिव्होल्ट, अर्धा व्होल्ट, दोन व्होल्ट, तर लूप (आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंतचा फीडबॅकचा फेरा) तुटलाय किंवा ऑप-अॅम्पला हवं ते आउटपुट देता येत नाहीये. सप्लायची मर्यादा, इनपुटची मर्यादा, जास्तीचा करंट, उलटी जोडणी, मेलेली चिप यांपैकी काहीतरी. त्यासाठी प्रश्न ३ ते ६ आणि १०.

आकडा स्थिर राहत नसेल, हात जवळ नेला की बदलत असेल, तर थेट प्रश्न १२ कडे जा.

याच बैठकीत आणखी दोन मापं घेऊन टाका. पिन १ आणि २ मध्ये: शून्य यायलाच हवं, नाहीतर फीडबॅकची वायर तुटली आहे. पिन ८ आणि ४ मध्ये: सप्लाय खरोखर चिपपर्यंत पोचतोय का. लांब ब्रेडबोर्डची लाल-निळी पट्टी मध्ये तुटलेली असते आणि अर्धा बोर्ड सप्लायविना राहतो, हे फार वेळा घडतं.

३. आउटपुट कायम वरच्या (किंवा खालच्या) सप्लायला चिकटलेलं आहे. इनपुट बदललं तरी हलत नाही.

बहुतेकदा प्लस आणि मायनस पिनांची अदलाबदल झालेली असते. आउटपुट प्लसला जोडलं की फीडबॅक उलटा होतो: जरा वर गेलं की ते स्वतःलाच आणखी वर ढकलतं आणि टोकाला जाऊन बसतं. सर्किटच्या चित्रात कधी प्लस वर असतो, कधी मायनस. चित्रातल्या जागेवरून नव्हे, पिनच्या आकड्यावरून जोडा.

दुसरं कारण सिंगल आणि ड्युअल चिपची गल्लत. ७४१, टीएल०७१, ओपी०७ अशा सिंगल चिपमध्ये आउटपुट पिन ६ वर आणि वरचा सप्लाय पिन ७ वर असतो. तीच चिप ड्युअलच्या जागी बसवली तर पिन ८ ला दिलेला सप्लाय तिच्या सप्लायच्या पिनला पोचतच नाही.

तिसरं, फीडबॅकची वायर तुटलेली. आणि इनपुटला कपॅसिटर असेल तर प्रश्न १३.

४. सप्लाय ५ व्होल्ट, इनपुट ४.५, पण आउटपुट ३.६ च्या वर जातच नाही. चिप एलएम३५८.

चिप ठीक आहे. एलएम३५८ चं आउटपुट वरच्या सप्लायच्या साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं, आणि तिचं इनपुटही तिथपर्यंतच नीट चालतं. ५ व्होल्टवर म्हणजे साडेतीनच्या आसपास. बफरमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्ही एकाच व्होल्टेजवर असतात, त्यामुळे दोन्ही मर्यादा एकदमच आडव्या येतात. गेन असलेल्या सर्किटमध्ये इनपुट लहान राहतं म्हणून तिथे फक्त आउटपुटचीच काळजी असते. तिथे चाललेली चिप बफरमध्ये अडखळते ती यामुळेच.

उपाय दोन. सप्लाय वाढवा: एलएम३५८ ३२ व्होल्टपर्यंत चालते, ९ किंवा १२ दिलेत तर ४.५ सहज मिळतील. किंवा रेल-टू-रेल (सप्लायच्या दोन्ही टोकांपर्यंत, म्हणजे रेलपर्यंत जवळजवळ पोचणारं) इनपुट आणि आउटपुट दोन्ही असलेली चिप घ्या, उदाहरणार्थ एमसीपी६००२. ‘दोन्ही’ यावर भर देतो, कारण पुष्कळ चिपमध्ये फक्त आउटपुट रेल-टू-रेल असतं आणि जाहिरात मात्र सरसकट ‘रेल-टू-रेल’ अशी असते. एमसीपी६००२ ६ व्होल्टपर्यंतच आहे. तिला ९ व्होल्टची बॅटरी लावू नका.

७४१ वर ५ व्होल्टचा एकेरी सप्लाय देणाऱ्यांना एवढंच सांगेन की ती १९६८ ची, ±१५ व्होल्ट डोळ्यांपुढे ठेवून केलेली रचना आहे. वर आणि खाली दोन्हीकडे तिला मोकळी जागा लागते, ५ व्होल्टमध्ये मध्यभागी उपयोगाचं फारसं काही उरत नाही.

५. इनपुट शून्य आहे, आउटपुट मात्र शून्यावर येत नाही.

किती येतंय यावर उत्तर अवलंबून आहे.

५ ते २५ मिलिव्होल्ट येत असतील तर ही खालच्या टोकाची नेहमीची मर्यादा. रेल-टू-रेल आउटपुटसुद्धा रेलला टेकत नाही, काही मिलिव्होल्ट अलीकडेच थांबतं. अगदी शून्य हवंच असेल तर पिन ४ ला ग्राउंडऐवजी थोडा निगेटिव्ह सप्लाय द्यावा लागतो.

एलएम३५८ असून ०.६-०.७ व्होल्टवर अडकत असेल तर लोड, म्हणजे आउटपुटला काय जोडलंय ते, पाहा. ही चिप आउटपुट जवळजवळ ग्राउंडपर्यंत नेऊ शकते, पण त्या शेवटच्या टप्प्यात तिची करंट शोषायची ताकद साधारण ५० मायक्रोअँपिअर एवढीच असते. आउटपुटवर ५ व्होल्टकडे ओढणारा १० किलोओहमचा पुल-अप असेल तर तो जवळजवळ अर्धा मिलिअँपिअर आत ढकलतो. तो सगळा शोषायला चिपमधला मोठा ट्रान्झिस्टर लागतो आणि तो ०.६ च्या खाली काम करत नाही. पुल-अप काढता आला तर काढा, नाहीतर चिप बदला.

एक-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त येत असतील आणि चिप टीएल०७२ वा ७४१ असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

६. टीएल०७२ ला एकेरी सप्लाय दिलाय. इनपुट ग्राउंडला नेलं की आउटपुट उलट वर उडतं! असं कसं?

याला फेज रिव्हर्सल म्हणतात आणि तो चिपच्या रचनेतला ज्ञात गुण आहे. टीएल०७२ च्या इनपुटची कामाची हद्द खालच्या सप्लायपासून काही व्होल्ट वरून सुरू होते. इनपुट त्या हद्दीखाली गेलं की आतला इनपुटचा टप्पा बंद पडतो आणि आउटपुट उलट्या दिशेला, वरच्या टोकाला जातं. एलएम३५८ मध्ये इनपुटची हद्द ग्राउंडपर्यंत असते, म्हणून तिथे इनपुट ग्राउंडवर असताना हे दिसत नाही. पण तिचंही इनपुट ग्राउंडच्या ०.३ व्होल्टहून खाली जाऊ देऊ नका.

टीएल०७२ वापरायचीच असेल तर ±९ किंवा ±१२ असा दुहेरी सप्लाय द्या, किंवा सिग्नल सप्लायच्या मध्यावर आणून ठेवा.

७. आउटपुटवर २.५० व्होल्ट दिसतात, पण इनपुटवर मीटर लावला की २.३८. बफर व्होल्टेज वाढवतोय का?

नाही. मीटर इनपुट खाली ओढतोय. समजा १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर लावून ५ व्होल्टचे २.५ केले आहेत. त्या बिंदूचा सोर्स रेझिस्टन्स ५०० किलोओहम. डिजिटल मीटर साधारण १० मेगाओहमचा असतो. तो लावताच व्होल्टेज २.५ गुणिले १० भागिले १०.५, म्हणजे २.३८ होतं. त्या क्षणी आउटपुटसुद्धा २.३८ च असतं, फक्त तुम्ही तिकडे पाहत नसता. दोन मीटर एकदम लावून बघा, दोन्ही एकत्र खाली येताना दिसतील. खरा आकडा २.५० हाच, आणि तो दाखवणं हेच बफरचं काम.

प्रश्न २ मधली पिन ३ ते पिन २ ही चाचणी इथे फार उपयोगी पडते. दोन्ही पिना जवळजवळ सारख्याच व्होल्टेजवर असतात, त्यामुळे मीटरमधून करंट जवळपास वाहतच नाही आणि कितीही नाजूक सोर्स असला तरी तो हलत नाही.

८. पिन २ आणि ३ मध्ये फक्त २ मिलिव्होल्ट आहेत, तरी आउटपुट हिशेबापेक्षा ४०-५० मिलिव्होल्ट जास्त का?

सोर्सचा रेझिस्टन्स मोठा असेल तर हा बायस करंट आहे. आदर्श ऑप-अॅम्पच्या इनपुटमधून करंट वाहत नाही, खऱ्या चिपमधून वाहतो. एलएम३५८ मध्ये तो साधारण ४५ नॅनोअँपिअर, आणि तो पिनमधून बाहेर येतो. तो १ मेगाओहमच्या सोर्समधून गेला की ४५ मिलिव्होल्ट चढतात. प्लस पिनवरचं व्होल्टेजच चढलेलं असल्यामुळे ऑप-अॅम्प ते इमानदारीने बाहेर देतो. एनई५५३२ मध्ये हाच करंट २०० नॅनोअँपिअरच्या घरात असतो आणि पिनच्या आत जातो, म्हणून तिथे व्होल्टेज उतरतं. चूक वर आहे की खाली, ते पाहूनही निदान पक्कं होतं.

टीएल०७२ सारख्या जेफेट (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटच्या चिपमध्ये हा करंट पिकोअँपिअरमध्ये मोजतात, एमसीपी६००२ मध्ये तर १ पिकोअँपिअरच्या आसपास. मात्र या चिपमध्ये तो तापमानासोबत वेगाने वाढतो, साधारण दर १० अंशांना दुप्पट.

पीएच प्रोबचं उदाहरण घ्या, कारण या विषयावरचे प्रश्न सतत येतात. काचेच्या प्रोबचा रेझिस्टन्स १०० मेगाओहमच्या घरात असतो आणि एका पीएचमागे २५ अंश सेल्सियसला ५९ मिलिव्होल्ट मिळतात. इथे एलएम३५८ लावली तर ४५ नॅनोअँपिअर गुणिले १०० मेगाओहम, म्हणजे साडेचार व्होल्टची चूक. सिग्नल पूर्ण गाडला गेला. १ पिकोअँपिअरची चिप लावली तर चूक ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे नगण्य. पण आता बोर्ड आडवा येतो. सोल्डर फ्लक्सचा थर, बोटांचे ठसे, दमट हवा यांमुळे पिन ३ पासून ग्राउंडपर्यंत १० गिगाओहमची गळती झाली तरी १ टक्का सिग्नल गेला. म्हणून अशा सर्किटमध्ये बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ धुवा, आणि पिन ३ च्या भोवती तांब्याचं कडं काढून ते बफरच्या आउटपुटला जोडा. कडं आणि पिन एकाच व्होल्टेजवर राहिले की त्यांच्यामध्ये गळायला काही उरत नाही. ब्रेडबोर्डवर पीएच प्रोब मोजायचा प्रयत्न करू नका, तिथली गळतीच सिग्नलशी खेळत राहते.

९. काही सर्किटमध्ये आउटपुट आणि मायनसच्या मध्ये रेझिस्टर असतो. तो लावू का?

सोर्स रेझिस्टन्सइतकाच रेझिस्टर फीडबॅकमध्ये लावला तर दोन्ही पिनांच्या बायस करंटमुळे सारखंच व्होल्टेज पडतं आणि चूक बरीचशी कटते. एलएम३५८ सारख्या बायपोलर (साध्या ट्रान्झिस्टरच्या इनपुटच्या) चिपला याचा फायदा आहे. उरते ती दोन पिनांच्या करंटमधल्या फरकाची चूक. फेट इनपुटच्या चिपला गरज नाही. मोठा रेझिस्टर आणि मायनस पिनची स्वतःची कपॅसिटन्स मिळून स्थिरता बिघडवू शकतात, म्हणून रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर ठेवावा. बाकी सगळीकडे साधी वायर उत्तम.

१०. काही जोडलेलं नसताना आउटपुट बरोबर, लोड लावला की कोसळतं.

लोड किती करंट मागतोय याचा आधी हिशेब करा. ५ व्होल्टवर १०० ओहमचा लोड म्हणजे ५० मिलिअँपिअर. साध्या ऑप-अॅम्पची झेप २०-४० मिलिअँपिअरपर्यंत असते आणि तीसुद्धा शॉर्टची संरक्षक मर्यादा असते, रोज चालवायची नव्हे. बफर व्होल्टेजची नक्कल करतो, ताकद त्याच्याकडे मर्यादितच असते. छोटी मोटर, रिले, स्पीकर यांसाठी पुढे ट्रान्झिस्टर लावा आणि फीडबॅक ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरून घ्या, म्हणजे त्याचे ०.६ व्होल्टही लूप भरून काढेल. त्यासाठी सप्लायमध्ये तेवढी जागा ठेवायला विसरू नका (प्रश्न ४).

लोड हलका असूनही व्होल्टेज पडत असेल तर पुढचा प्रश्न.

११. आउटपुटला १०० ओहम सिरीजमध्ये आहे. पिन १ वर बरोबर, रेझिस्टरपलीकडे ९ टक्के कमी.

रेझिस्टर फीडबॅकच्या बाहेर आहे, म्हणून त्यावरचा ड्रॉप ऑप-अॅम्पला दिसतच नाही. १ किलोओहमच्या लोडला १०० ओहम सिरीजमध्ये म्हणजे ११०० पैकी १००, बरोबर ९ टक्के. हा रेझिस्टर बहुतेक वेळा ऑसिलेशन थांबवायला लावलेला असतो (प्रश्न १२), त्यामुळे काढून टाकण्याआधी तो का आहे ते पाहा. अचूक डीसी हवं असेल तर फीडबॅक रेझिस्टरच्या पलीकडून, लोडच्या टोकावरून १० किलोओहममधून घ्या, आणि पिन १ ते पिन २ मध्ये एक छोटा कपॅसिटर लावा. डीसीचं दुरुस्तीकाम लोडवरून होतं, वेगवान बदलांचा फीडबॅक कपॅसिटरमधून थेट जातो.

१२. रीडिंग स्थिर नाही, चिप कोमट आहे, हात जवळ नेला की आकडा बदलतो.

ऑसिलेशन. आउटपुट मेगाहर्ट्झच्या आसपास थरथरतंय आणि डीसी मीटर त्याची सरासरी दाखवतोय. ती सरासरी खऱ्या व्होल्टेजपासून कितीही दूर असू शकते. डीसी चूक शोधताना हे कारण सर्वांत जास्त सुटतं, कारण मीटरवर ते एखाद्या निमूट चुकीच्या आकड्यासारखंच दिसतं.

बफरमध्ये सगळं आउटपुट परत इनपुटला जातं, आणि स्थिरतेच्या दृष्टीने ऑप-अॅम्पसाठी ही सर्वांत कठीण परिस्थिती असते. त्यात आउटपुटला कपॅसिटन्स आली की तोल जातो. कोअॅक्स केबलची कपॅसिटन्स मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असते, तीन मीटर केबल पुष्कळ चिपना हलवायला पुरते. ‘व्होल्टेज गुळगुळीत व्हावं’ म्हणून आउटपुटवर थेट लावलेला १० मायक्रोफॅरड तर हमखास.

तीन गोष्टी याच क्रमाने करा. पिन ८ आणि ४ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. आउटपुट आणि केबलच्या मध्ये ५० ते १०० ओहम. फीडबॅकची वायर शक्य तितकी आखूड. ऑसिलोस्कोप असेल तर प्रोब ×१० वर ठेवा, ×१ वर प्रोबची स्वतःचीच कपॅसिटन्स भर घालते. स्कोप नसेल तर १०० ओहम लावून बघा: हलका लोड असताना रीडिंग एकदम उडी मारून बरोबर आलं तर ऑसिलेशनच होतं.

काही चिप मुळात बफरसाठी नाहीतच. ओपी३७ ला किमान ५ चा गेन लागतो, एनई५५३४ ला बाहेरून कपॅसिटर न लावता किमान ३ चा. नावात जवळ असलेल्या ओपी२७ आणि एनई५५३२ मात्र बफर म्हणून चालतात.

१३. इनपुटला कपॅसिटर लावून सिग्नल दिलाय. सुरू केल्यावर बरोबर, मग आउटपुट हळूहळू एका टोकाला सरकतं.

प्लस पिनला डीसी वाट नाही. बायस करंट कपॅसिटर भरत राहतो आणि व्होल्टेज सरकत जातं. पिन ३ पासून ग्राउंडला (एकेरी सप्लाय असेल तर सप्लायच्या मध्यबिंदूला) १०० किलोओहम लावा. मोठा रेझिस्टर घ्यायचा मोह झाला तर आधी प्रश्न ८ वाचा.

१४. दोन जागी मोजलं की दोन वेगळी उत्तरं येतात.

ग्राउंड एक नाही. रिलेचा किंवा मोटरचा परतीचा अर्धा अँपिअर त्याच वायरमधून जात असेल आणि वायर, जोड मिळून ०.१ ओहम असेल तर त्या वायरच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. बफर त्याच्या ग्राउंडपाशी बरोबर असतो, तुम्ही दुसऱ्या ग्राउंडपासून मोजता. मीटरचा काळा प्रोब एका ग्राउंडवर आणि लाल दुसऱ्या ग्राउंडवर लावा. शून्य आलं नाही तर चोर सापडला. जड करंटची वायर सप्लायपर्यंत वेगळी न्या.

१५. मीटरवर २.५० व्होल्ट, मायक्रोकंट्रोलर मात्र २.६० दाखवतो. बफरचा दोष?

बहुतेक वेळा रेफरन्सचा, म्हणजे ज्या व्होल्टेजशी तुलना करून आकडा ठरतो त्याचा. आर्डुइनो उनोसारख्या बोर्डवर एडीसीचा (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचा) रेफरन्स नेहमीच्या सेटिंगमध्ये सप्लायच असतो. यूएसबीवरून ५.० ऐवजी ४.८ येत असतील तर २.५० व्होल्टला ५१२ ऐवजी ५३३ आकडा येतो, आणि प्रोग्राम तो ५ व्होल्टच्या हिशेबाने २.६० असा वाचतो. सप्लाय मोजा, तोच आकडा प्रोग्राममध्ये घाला किंवा स्थिर रेफरन्स वापरा.

आकडा सरासरीने बरोबर पण उड्या मारत असेल तर एडीसी नमुना घेताना आतला कपॅसिटर झटक्यात करंट ओढतोय आणि मंद बफरला तो धक्का वेळेत सावरता येत नाही. बफर आणि एडीसीच्या मध्ये १०० ओहम, आणि एडीसीच्या पिनपाशी ग्राउंडला १० नॅनोफॅरड लावा.

१६. डीसीला बरोबर, पण वाढत्या फ्रिक्वेन्सीला आउटपुट कमी का होतं?

दोन वेगळ्या मर्यादा आहेत. पहिली स्ल्यू रेट. ७४१ चं आउटपुट मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्टच सरकू शकतं. ५ व्होल्ट शिखराची साइन वेव्ह १६ किलोहर्ट्झपुढे गेली की ती त्रिकोणी दिसू लागते आणि लहान होते. सिग्नल लहान केला की हा दोष नाहीसा होतो, ओळख पटवायची खूण हीच.

दुसरी बँडविड्थ, म्हणजे चिप किती फ्रिक्वेन्सीपर्यंत साथ देते ती हद्द. १ मेगाहर्ट्झची चिप १०० किलोहर्ट्झला बफर म्हणून वापरली तर उंचीत अर्ध्या टक्क्याचीच घट होते, मात्र फेज जवळजवळ ६ अंशांनी मागे पडते. इनपुट आणि आउटपुटची वजाबाकी करत असाल तर फरक १० टक्के दिसेल. तो उंचीचा नसून फेजचा आहे.

आणि एसी मोजताना मीटरवर फार विसंबू नका. पुष्कळ साध्या मीटरचं एसी माप काहीशे हर्ट्झपुढे भरवशाचं नसतं.

१७. ३ मिलिव्होल्टचा ऑफसेट पोटेन्शिओमीटरने शून्य करता येईल का?

सिंगल चिपमध्ये येतो, पण चिपगणिक जोडणी बदलते. ७४१ मध्ये पोट पिन १ आणि ५ वर, मधला पाय खालच्या सप्लायला. ओपी०७ मध्ये पिन १ आणि ८ वर, मधला पाय वरच्या सप्लायला. एकाची जोडणी दुसरीला वापरू नका. ड्युअल चिपमध्ये अशा पिना नसतातच. शिवाय तापमान बदललं की जुळवलेलं शून्य पुन्हा सरकतं. मायक्रोकंट्रोलर असेल तर ऑफसेट एकदा मोजून वजा करणं सोपं, आणि खरी अचूकता हवी असेल तर झीरो-ड्रिफ्ट (स्वतःचा ऑफसेट आपोआप दुरुस्त करत राहणारी) चिप घ्यावी.

१८. रेल-टू-रेल चिप आहे, दोन्ही टोकांपासून लांब आहे, तरी एका ठरावीक व्होल्टेजपुढे चूक अचानक बदलते.

अशा अनेक चिपमध्ये दोन इनपुट टप्पे असतात: एक खालच्या व्होल्टेजसाठी, एक वरच्या. वरच्या सप्लायच्या साधारण एक-दीड व्होल्ट खाली काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं. दोघांचा ऑफसेट वेगळा, म्हणून चुकीत पायरी दिसते. बफरमध्ये इनपुट सगळ्या पल्ल्यात फिरतं, त्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. सिग्नल थोडा कमी करून त्या सीमेखाली ठेवा किंवा सप्लाय वाढवा.

१९. चिपचा दुसरा अर्धा भाग वापरत नाही. मोकळा सोडू?

नको. तोही बफरसारखा जोडा: ७ ला ६ जोडा आणि ५ ला सिग्नलच्या हद्दीतलं एखादं स्थिर व्होल्टेज द्या, शक्यतो सप्लायचा मध्य. मोकळा भाग टोकाला जातो किंवा थरथरतो, आणि त्याचा त्रास सप्लायमधून शेजारच्या भागाला होतो.

२०. सप्लाय बंद आहे, तरी आउटपुटवर व्होल्टेज दिसतं.

सिग्नल चालू राहिला आहे आणि तो इनपुटच्या आतल्या संरक्षक डायोडमधून वरच्या सप्लायच्या रेलमध्ये शिरतोय. चिप अर्धवट जिवंत होते. करंट मर्यादेबाहेर गेला तर कायमची जखमी होते आणि पुढे विचित्र ऑफसेट दाखवते. सिग्नल आधी येण्याची शक्यता असेल तर पिन ३ च्या आधी १ ते १० किलोओहम घाला. एलएम३५८ मध्ये वरच्या रेलकडे असा डायोड नाही, त्यामुळे तिला याचा त्रास कमी.

चिप मेली आहे का हे पाहायचं असेल तर तिला सर्किटमधून काढून स्वच्छ जागी बसवा: सप्लाय, ०.१ मायक्रोफॅरड, १ ते २ ची वायर, आणि पिन ३ ला १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी केलेला सप्लायचा मध्य. आउटपुट पिन ३ वर मोजलेल्या व्होल्टेजपासून दहा मिलिव्होल्टच्या आत आलं तर चिप जिवंत आहे आणि शोध पुन्हा सर्किटमध्येच घ्यायचा.

२१. मीटर लावला की सगळं बरोबर, काढला की पुढचं सर्किट चुकीचं वागतं.

मीटर सर्किटमध्ये काहीतरी पुरवतोय. पिन ३ वर लावल्याने बरं होत असेल तर तो १० मेगाओहमची डीसी वाट देतोय, म्हणजे इनपुट तरंगत होतं: प्रश्न १३. आउटपुटवर लावल्याने बरं होत असेल तर प्रोबच्या वायरची कपॅसिटन्स ऑसिलेशन दाबतेय किंवा त्याची जागा बदलतेय: प्रश्न १२. चिपच्या पायावर प्रोब दाबल्याने बरं होत असेल तर मीटरचा संबंधच नाही, तो पाय नीट बसलेला नाही. बंद मीटरचा, किंवा नुसत्या प्लास्टिकच्या काडीचा दाब देऊन पाहा. तरीही बरं झालं तर सोल्डर पुन्हा करा किंवा ब्रेडबोर्डवरची जागा बदला.